नेणारा

अमरनाईक तांडा, १२ फेब्रुवारी १९६१

काल संध्याकाळी दारव्ह्याहून येऊन पोचलो. घाटंजीपर्यंत एस.टी. मिळाली, पुढं पायी. बा, तांड्याचा नायक, बाजेवर पडून आहे. उजवं अंग पार गेलं, आणि वाचाही गेली. ज्या माणसानं इकडून हाक मारली की नाल्यापलीकडच्या वावरातला माणूस उभा राहायचा, तो माझ्याकडे नुसता पाहत राहिला. डोळे भरले आणि त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. मी चार वर्षं शाळामास्तर होऊन बाहेर राहिलो, याचा राग अजून गेलेला दिसत नाही.

याडी, म्हणजे माझी आई, म्हणाली, "तू आला, आता तांड्याले आधार झाला." मला मात्र पंधरवड्याची रजा आहे, हे मी तिला सांगितलं नाही. माझ्या बायकोला, सुखीला, सांगितलं. ती बाच्या पायाला तेल चोळत होती. "बरं," एवढंच म्हणाली. चार वर्षांत ती मला जे काही बोलली, त्यात हा शब्द सगळ्यांत जास्त वेळा आला असेल.

घरी आम्ही गोरबोलीच बोलतो. इथं लिहिताना जमेल तसं मराठीत उतरवतो आहे.


१५ फेब्रुवारी

तलावाचे ओव्हरसियर साहेब आज जीपमधून आले. नाल्यावर सरकारी तलाव होतो आहे, पाळीचं, म्हणजे बांधाचं, काम अर्ध्यावर आलं. पावसाळ्यात पाणी थेट आपल्या तांड्यात शिरणार. मृगाच्या आत सगळी घरं उठवायची, वरच्या लाल माळावर जागा नेमून दिली आहे. हे सारं मागच्या वर्षीच सांगितलं होतं म्हणे. तेव्हा बा धडधाकट होता आणि त्यानं "पाहू" म्हणून वेळ मारून नेली होती.

साहेब म्हणाले, "तुमचा लीडर कोण? मी एकाशीच बोलणार."

सगळ्यांनी बाच्या बाजेकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. तेवढ्यात माझा चुलतभाऊ हरिसिंग पुढं झाला. माझ्याहून मोठा, छातीनं रुंद, आवाज अगदी बासारखा. म्हणाला, "साहेब, आमचे बापदादे बैलाच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून मुलूखभर फिरले. इथं येऊन बसले तवा कुठं पायाले माती लागली. आता आमी हालत नाही."

साहेब चिडून निघून गेले. लोकांनी हरिसिंगला खांद्यावर घ्यायचंच काय ते बाकी ठेवलं.


१९ फेब्रुवारी

आज नसाब बसला. म्हणजे तांड्याची बैठक. बाची बाजच बाहेर लिंबाखाली आणली. म्हातारा रूपसिंग बाचा कारभारी, उजवा हात म्हणावा असा. तो म्हणाला, "नायकाचा लेक नायक. लालसिंग, बोल."

मी बोललो. तलावानं पुढच्या पिढ्यांचं कल्याण होईल, स्थलांतर अपरिहार्य आहे, वगैरे. 'अपरिहार्य' म्हटल्याबरोबर बायांमध्ये खसखस पिकली. कोणी वाईट हसलं नाही, पण मी तिथंच खाली बसलो. हरिसिंग उठून दोन वाक्यं बोलला, सगळ्यांनी माना डोलावल्या.

बा माझ्याकडे पाहत होता. मी त्याच्याकडे पाहिलं की तो नजर वळवतो.


२६ फेब्रुवारी

बाच्या औषधासाठी यवतमाळला गेलो होतो. जाता जाता नरहर गुरुजींकडे गेलो. मला मॅट्रिकपर्यंत ओढत नेलं ते यांनीच. आता निवृत्त झाले आहेत. त्यांच्या पत्नी सुचित्राकाकूंनी बाला चोळायला नारायण तेलाची बाटली दिली, पोहे खाऊ घातले. मी सगळी हकीकत सांगितली आणि म्हणालो, "गुरुजी, नेतृत्व म्हणजे नेमकं काय? ते माझ्यात नाही, एवढं कळलं."

गुरुजी हसले. "अरे, नायक हा शब्द तुझ्या घरात राहतो आणि अर्थ मला विचारतोस? संस्कृतात 'नी' असा धातू आहे. नी म्हणजे नेणं. नेता, नायक, नेतृत्व, सारी त्याचीच लेकरं. नयनसुद्धा. डोळा नेतो, आपण जातो. विनय त्यातलाच. परिणयही त्यातलाच."

"आणि पुढारी?"

"तो वेगळ्या घरचा. पुढारी म्हणजे जो पुढं असतो तो. मागं कोणी येतं आहे की नाही, याची त्या शब्दात काही हमी नाही."

घरी आल्यावर सुखी भाकरी थापत होती. तिला हे सगळं सांगितलं. कोणाला तरी सांगायचं होतं. ती म्हणाली, "परिणय म्हंजे काय?"

"लगीन. नवरा नवरीला अग्नीभोवती नेतो, म्हणून."

तिनं भाकरी तव्यावर टाकली. "मंग आपण अजून भोवतीच फिरून राह्यलो. मले त कुठं नेलंच नाही."

दारव्ह्याची खोली फार लहान आहे, असं काहीतरी मी म्हणालो. ती म्हणाली, "मी कुठं काय म्हतलं."


३ मार्च, धूळवड

होळी पेटवायची तर नायकाची परवानगी लागते. दरवर्षी सगळा तांडा बाच्याकडे येतो, बा थोडे आढेवेढे घेतो, लोक गाऊन नाचून त्याला राजी करतात. यंदा काय करावं कोणाला सुचेना. शेवटी सगळे बाजेपाशी येऊन गायले. बानं डावा हात वर केला. आपल्या तांड्यातली माणसं रडत होळी पेटवताना मी पहिल्यांदा पाहिली.

रजा वाढवून घेतली.


९ मार्च

माळावर जायला सगळ्यांत मोठी अडचण हरिसिंग नाही, जमनाबाई आहे. आज हे लक्षात आलं.

तांड्यातलं प्रत्येक मूल तिच्या हातावर जन्मलं आहे. मीही, सुखीही. बाया म्हणतात, जमनायाडी हालली तर आम्ही हालू. आणि ती हालणार नाही. तिचा नवरा किसनसिंग रझाकारांच्या धामधुमीत निजामाच्या मोगलाईत बैल विकायला गेला, तो परत आला नाही. त्याला आता तेरा वर्षं झाली. लोकांनी केव्हाच आशा सोडली.

मी तिच्याकडे गेलो. तलाव, पाणी, सरकार, सगळं समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "लाल्या, तांडा हालला अन् तो आला, त त्याले तांडा कुठं सापडन?"

मी तसाच उठून आलो.


१४ मार्च

आज पुन्हा जमनाबाईकडे. आज काही समजावलं नाही. समजावण्यासारखं उरलंच नव्हतं. नुसता बसलो. तिनंच विचारलं, "तुले किसनसिंग आठवते का?" मला फक्त त्याच्या मिशा आठवतात. ती सांगू लागली. तो बैलाशी भांडायचा, पण माणसाशी कधी भांडला नाही. भाकरीचा पापुद्रा आधी तिला द्यायचा. ऊन उतरेपर्यंत सांगत होती.

एक दिवस फुकट गेला. रूपसिंग कारभारी विचारत होता, "काय ठरलं?" काय सांगणार?

सुखीचं काही कळत नाही. सकाळी कामं आटोपते आणि रामीबाई, नंदाबाई आणि आणखी तीनचार बायांसोबत बाहेर पडते, ती दिवस कलल्यावर येते. स्वयंपाक याडी करते. विचारलं तर म्हणते, "काड्याले गेलतो." हातात मात्र काडी नसते. आणि आपल्या इथली माती काळीभोर, हिचे पाय घोट्यापर्यंत लाल. इतकी वर्षं ती एकटीनं राहिली, आता तिला जाब विचारायचा माझा काय अधिकार!


२२ मार्च

रोज जमनाबाईकडे जातो. आता सवयच झाली आहे. बाहेरून हरिसिंग ओरडला, "मास्तर, तांडा बुडून राह्यला अन् तू म्हातारीच्या गोष्टी ऐकून राह्यला!" खरं आहे त्याचं.

आज मी तिला म्हणालो, "आपण फाट्यावरच्या लिंबाला पाटी लावू. मी चुन्यानं मोठ्या अक्षरात लिहितो, अमरनाईक तांडा वरच्या माळावर गेला आहे, आणि बाण काढतो."

ती माझ्याकडे पाहत राहिली आणि मग हसायला लागली. तोंडावर पदर धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. "अरे मास्तर, त्याले वाचता येत होतं का?"

मलाही हसू आलं. लाजही वाटली. घरी आल्यावर सुखीला सांगितलं, तर तीही हसली. मग भाकरीचं पीठ हाताला तसंच ठेवून बराच वेळ विचार करत बसली.


२४ मार्च

काल सुखी जमनाबाईकडे गेली. मी बाहेर होतो. आत दोघी काय बोलल्या कळलं नाही. एकदा कोणीतरी रडल्याचा आवाज आला, पण जमनाबाईचा नव्हता. बाहेर आल्यावर विचारलं, तर सुखी म्हणाली, "बायांचं बोलणं. वाट पाह्यण्याचं."

आज जमनाबाईनं पेटी उघडली. आत होती तिच्या लग्नातली कांचळी, म्हणजे चोळी, आरसे लावलेली, तिनं स्वतः शिवलेली. ती म्हणाली, "हा टाका साऱ्या मुलखात एकटी मी घालतो. त्यानं हे पाह्यलं का त्याले समजन." सुखीनं सांगितलेली युक्ती होती ती. पाटीऐवजी ही कांचळी फाट्यावरच्या लिंबाला बांधायची. गाठ माळाकडे. जमनाबाई यायला तयार आहे.

माझी इतक्या दिवसांची बैठक वाया गेली आणि सुखीनं एका दुपारी काम केलं. असं मी तिला म्हणालोही. ती म्हणाली, "तुमी तिले आधी हसवलं म्हून मले जाता आलं. इतके दिवस मी तिच्या दारात जात नवतो. मले पाह्यलं का ती रडे. अन् मंग मीबी." मला कशाचा तरी घोर लागून राहिला आहे, पण कशाचा ते सांगता येत नाही.


२ एप्रिल

पुन्हा नसाब. हरिसिंगनं विचारलं, "माळावर पाणी कुठं हाय? लेकरं काय प्यातीन?" सवाल बरोबर होता.

तेव्हा बायांच्या मागच्या रांगेतून रामीबाई म्हणाली, "पाणी हाय. माळाच्या पायथ्याशी जुनी विहीर हाय, बुजलेली. आमी गाळ काढला. पाणी गोड हाय, पिऊन पाह्यलं."

सगळे पुरुष वळून पाहू लागले. मीही. लाल मातीचा उलगडा तेव्हा झाला. सुखी खाली मान घालून बसली होती.

बाच्या घशातून काहीतरी आवाज निघाला. याडी म्हणाली, त्याला पाणी हवं आहे. पाणी दिलं, त्यानं घेतलं नाही.

घरी मी जरा रागानंच म्हणालो, "मला का नाही सांगितलं?"

सुखी म्हणाली, "पाणी लागते का नाही, मलेच ठाऊक नवतं. नाहीच लागलं असतं, त तुमची अजून एक आस मोडली असती."


१६ एप्रिल

तांडा हालला.

पहाटेपासून छपरं उतरवत होतो. लाकडं, जाती, कोंबड्या, बकऱ्या, सगळं गाड्यांवर चढवलं. बाला पहिल्या गाडीत कडब्यावर निजवलं. हरिसिंग आणि त्याच्या बाजूची पाचसहा घरं आली नाहीत. तो दारात हाताची घडी घालून उभा होता. त्याची बायको तुळसाबाई आतूनच पाहत होती. ती पोटुशी आहे.

रूपसिंग म्हणाला, "नायकानं पुढं चालावं." मी पुढं झालो. फाट्यापर्यंत पुढंच होतो. तिथं कांचळी बांधली आणि जमनाबाई लिंबाखाली बसली ती उठेना. गाड्या थांबल्या, बैल अडखळू लागले. मी रूपसिंगला म्हटलं, तुम्ही चला, मी हिला घेऊन येतो.

सगळा तांडा पुढं निघून गेला. शेवटच्या गाडीची धूळसुद्धा बसली. जमनाबाई म्हणाली, "तू जा. नायक हाय तू." मी म्हणालो, "मला घाई नाही." मग आम्ही दोघं बसून राहिलो. आरशांवर ऊन पडलं होतं, ते तिच्या चेहऱ्यावर हलत होतं. बऱ्याच वेळानं ती आपणच उठली आणि माझा हात धरून चालू लागली. दर थोड्या अंतरावर मागं वळून पाहायची. मीही थांबायचो.

आम्ही माळावर पोचलो तेव्हा चुली मांडून झाल्या होत्या. कोणतं घर कुठं, सगळं सुखीनं आणि रूपसिंगनं लावून दिलं होतं. नायक म्हणून पहिल्याच दिवशी मी सगळ्यांच्या शेवटी पोचलो. कोणी काही बोललं नाही, हा त्यांचा चांगुलपणा. बाची बाज वाटेकडे तोंड करून ठेवली होती. याडी म्हणाली, तो दुपारपासून तिकडेच पाहत होता. बाकी राहिलेल्या घरांची आठवण येत असणार त्याला.


१७ मे

सकाळी कामात होतो. छपराचे वासे बांधत होतो. पाहतो तर हरिसिंग माळाच्या कडेला उभा. वर येत नव्हता. मी खाली गेलो. ज्याचा आवाज अख्ख्या नसाबाला पुरायचा, त्याच्या तोंडातून शब्द फुटेना. "तुळसा..." एवढंच म्हणाला.

मी वळेपर्यंत जमनाबाईनं आपलं गाठोडं काखेला मारलं होतं. सुखी तिच्यामागं. ज्या म्हातारीला वर आणायला माझा अख्खा दिवस गेला, ती उतारावरून अशी चालली की आम्हाला धावावं लागलं. कांचळीच्या लिंबाशीही थांबली नाही.

बाया आत होत्या. हरिसिंग आणि मी शेजारच्या मोडलेल्या ओट्यावर बसलो. आमचंच घर होतं ते, आता नुसते दगड. आतून तुळसाबाईचं कण्हणं यायचं आणि हरिसिंग माझा दंड आवळायचा. दंडावर वळ उठले आहेत.

तो म्हणाला, "मले वाटलतं तू एकदा तरी मले शिवी देशीन."

"कायले?"

"मी तांडा फोडला."

मी म्हणालो, "तुझा पाण्याचा सवाल बरोबर होता. तू विचारला नसता, तर विहिरीचं कोणी बोललंच नसतं."

तो गुडघ्यांत डोकं घालून बसला. दुपारी पोरगी झाली. जमनाबाई बाहेर येऊन त्याला म्हणाली, "तुह्यासारखीच हाय. आल्या आल्या बोंबलली."

मग हरिसिंगनं विचारलं, माझ्याकडे न पाहता, "वर जागा उरली का?"

मी म्हणणार होतो की विचारून सांगतो. सुखी दारात उभी होती, हात पुसत. ती म्हणाली, "उरली कायची? पह्यल्या दिवशीच ठेवली. रूपसिंगदादा म्हणे तिथं बकऱ्या बांधू. मी म्हतलं, थे हरिभियाची जागा हाय, अन् त्याच्या बाजूच्या साऱ्या घराइची."

मी तिच्याकडे पाहत राहिलो. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.


२० मे

हरिसिंगकडून येताना वाटेत सुखीला विचारलं होतं, ते आज लिहितो. त्या दिवशी लिहवलं नाही.

मी म्हणालो, "जमनाबाईच्या घरात त्या दिवशी तू रडली होतीस का?"

ती चालता चालताच म्हणाली, "ती म्हणे, माहा तेरा वरसं आला नाही, पण येता आलं असतं त आला असता. मी म्हतलं, माह्याले येता येत होतं."

मी जागीच उभा राहिलो. ती पुढं गेली, मग थांबली. मागं वळून म्हणाली, "चाला ना. ऊन लागून राह्यलं तुमाले." आणि मी पोचेपर्यंत तशीच उन्हात उभी राहिली.


४ जून

गेल्या तीन दिवसांत हरिसिंगकडची सगळी घरं वर आली. जनपद सभेच्या ऑफिसात जाऊन आलो. नव्या तांड्यावर शाळा उघडायला ते राजी आहेत आणि मास्तर म्हणून मला द्यायलाही. दारव्ह्याची खोली सोडली. तिथलं सामान आणायला सुखी सोबत आली होती. माझा एकच कंदील आणि एकच ताट पाहून तिला वाईट वाटलं. मला वाटलं होतं, ती रागावेल.

आज नंदाबाई आणि रामीबाईचं भांडण आलं. नंदाबाईची कोंबडी रोज रामीबाईच्या घरात जाऊन अंडं घालते. अंडं कोणाचं? निकाल नायकानं द्यायचा. नायक, म्हणजे मी, विहिरीवर दगड लावायला गेलो होतो. परत आलो तर निकाल लागून गेला होता. सुखीनं सांगितलं, "कोंबडीले अजून नवं घर समजलं नाही. तिले समजेपर्यंत अंडी तुळसाबाईले. बाळंतीण हाय थे." दोघीही खुशीनं गेल्या म्हणे.

आणि बा हसला. लकवा मारल्यापासून पहिल्यांदा. अर्धंच तोंड हललं, पण घशातून आवाज आला आणि बाज हलू लागली. याडी धावत आली, तिला वाटलं काही झालं. मी जवळ गेलो तर त्यानं डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि हसतच राहिला. डोळ्यांतून पाणी गळत होतं, या खेपेला मात्र त्यानं तोंड फिरवलं नाही. मी म्हणालो, "बा, काय झालं?" तो नुसता मनगट दाबत होता. बहुतेक कोंबडीचीच गंमत वाटली असेल.

नायकी मला जमेल, असं अजून वाटत नाही. काल नसाबात बोलायला उभा राहिलो आणि मध्येच शब्द सुचेना, तेव्हा हरिसिंगनंच माझं वाक्य पुरं केलं. उद्या त्याच्या घरावर छप्पर चढवायचं आहे. उन्हं वाढायच्या आत व्हायला हवं, म्हणून आता निजतो.